बाळाला फास्ट फूड द्यावे का? पहिल्या दोन वर्षांत काय पाळावे

टेबलाभोवती मोठी माणसे बर्गर खात बसलेली असतात, दहा महिन्यांचे बाळ उंच खुर्चीतून प्रत्येकाच्या हाताकडे टक लावून पाहत असते, आणि कोणीतरी म्हणते, "एवढेसे चाखवायला काय हरकत आहे?" तळलेल्या बटाट्याची एक काडी त्या इवल्या मुठीत जाते. बाळ ती चोखते, मिठाचे कण जिभेला लागताच क्षणभर थबकते आणि पुन्हा हात पुढे करते. असा प्रसंग बहुतेक घरांवर कधी ना कधी येतोच, त्यामुळे त्या वेळी काय करायचे हे आधी ठरवून ठेवलेले बरे.

माझे मत स्पष्ट आहे. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत फास्ट फूड देऊ नये आणि दुसऱ्या वर्षातही ते टाळावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तोपर्यंत आईचे दूध, किंवा ते शक्य नसेल तर बाळासाठीचे फॉर्म्युला दूध, एवढाच त्याचा आहार असतो. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांच्या पूरक आहाराविषयी जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. जास्त साखर, जास्त मीठ आणि ट्रान्स फॅट (हृदयाला घातक अशी एक प्रकारची चरबी) असलेले पदार्थ, तसेच साखर घातलेली पेये या वयात देऊ नयेत, असे त्यांत सांगितले आहे.

यामागचे सर्वांत मोठे कारण मीठ आहे. बाळाची मूत्रपिंडे अजून पक्की झालेली नसतात आणि जादा सोडियम (मिठातला मुख्य घटक) बाहेर टाकण्याची त्यांची क्षमता मोठ्यांपेक्षा कमी असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सल्ल्यानुसार एक वर्षाच्या आतल्या बाळाला दिवसभरात 1 ग्रॅमपेक्षाही कमी मीठ पुरते, आणि ते दूध व साध्या अन्नातून आपोआप मिळते. याउलट अनेक बर्गरमध्ये दीड ते दोन ग्रॅम मीठ असते. वेष्टनावर पुष्कळदा मिठाऐवजी सोडियमचा आकडा दिलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते. म्हणजे 400 मिलिग्रॅम सोडियम लिहिलेल्या पदार्थात 1 ग्रॅम मीठ असते, आणि बाळाची दिवसभराची मर्यादा तेवढ्यातच संपते.

पुष्कळ पालकांना वाटते की सॉस पुसून काढला किंवा वरचे मीठ झटकले की काम भागते. बटाट्याच्या काड्यांच्या बाबतीत यात थोडे तथ्य आहे, कारण त्यांवर मीठ बहुधा तळल्यानंतर भुरभुरवतात आणि मागणी करताना "बिनमिठाच्या द्या" असे सांगता येते. बर्गरच्या टिक्कीत मात्र मीठ आधीच मळलेले असते, पिझ्झाच्या पावात, सॉसमध्ये आणि चीजमध्ये ते वेगवेगळे असते, आणि सूपमधले मीठ तर काढताच येत नाही.

दुसरे कारण पोटाच्या आकाराचे आहे. बाळाचे पोट एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 30 मिलिलिटर एवढेच घेते, म्हणजे आठ किलोच्या बाळाचे पोट एका भरल्या पेल्यात मावेल. सहा महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून या छोट्याशा जागेत लोह, प्रथिने आणि चांगले स्निग्ध पदार्थ जाणे गरजेचे असते. पाव आणि तळलेल्या बटाट्याने ती जागा व्यापली की त्या जेवणातून बाळाला फारसे काही मिळत नाही. एक गैरसमज इथेच दूर करतो. या वयात मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्याला स्निग्धांश लागतोच, त्यामुळे फास्ट फूड टाळायचे म्हणून बाळाचे अन्न कोरडे, बिनतेलाचे करू नये.

घशात अडकण्याचा धोका मला मिठाइतकाच गंभीर वाटतो. सॉसेजच्या गोल चकत्या बाळाची श्वासनलिका नेमकी बंद करतील अशा आकाराच्या असतात, मऊ पावाचा लाळेने चिकट गोळा होऊन तो टाळूला चिकटतो, वितळलेल्या चीजची तार तुटत नाही आणि बटाट्याचे करकरीत टोक दाढा नसलेल्या तोंडात तसेच राहते. खोकत, आवाज करत घास पुढे ढकलणारे बाळ बहुतेक वेळा स्वतःच सावरते. आवाज बंद झाला, खोकला येईना आणि ओठ निळसर दिसू लागले, तर वेळ दवडू नये. कोणाला तरी तातडीची मदत बोलवायला सांगावे आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली राहील असे धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. मग त्याला उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत, आणि घास निघेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. बाळ बेशुद्ध पडले तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे, सुरू करावे. घास दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नये, त्याने तो आणखी आत जातो. हे तंत्र प्रत्येक पालकाने प्रशिक्षकाकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

बाहेर जाताना बाळाचा डबा सोबत न्यावा, एवढी एक सवय लावली तरी निम्मा प्रश्न सुटतो. सोलायचे फळ, उदाहरणार्थ पिकलेले केळे, सर्वांत सोयीचे असते, कारण ते सालीत सुरक्षित राहते आणि ऐन वेळी कुस्करता येते. शिजवलेले अन्न थंड पिशवीत ठेवावे आणि ते दोन तासांहून जास्त बाहेर राहिले असेल तर टाकून द्यावे. डबा नेलाच नसेल तर साधा उकडलेला किंवा भाजलेला बटाटा, पूर्ण शिजलेले अंडे, उकडलेल्या भाज्या यांपैकी काही मीठ न घालता मिळेल का, हे विचारावे. पेय म्हणून दूध किंवा घोटभर पाणीच द्यावे. कोला आणि गोड शीतपेये अजिबात देऊ नयेत, आणि एक वर्षाच्या आत फळांचा रसही टाळावा. सोबत येणाऱ्या सॉसमध्ये मध असेल, तर तोही एक वर्षाच्या आत चालत नाही, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

एखादी काडी कोणी आपल्या नकळत बाळाच्या तोंडात घातलीच, तर घाबरून जाऊ नये. बाळाला नेहमीप्रमाणे दूध पाजावे आणि पुढचे जेवण साधे द्यावे. ओठ किंवा चेहरा सुजणे, अंगावर गांध्या उठणे, वारंवार उलट्या होणे किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, यांपैकी काही दिसले तर ती ॲलर्जी असू शकते आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

राहता राहिला प्रश्न प्रेमाने भरवणाऱ्या नातेवाइकांचा. त्यांना रागावण्यापेक्षा त्यांच्या हाती बाळाचाच डबा द्यावा, कारण त्यांना बाळाला घास भरवायचा असतो आणि तो कुस्करलेल्या केळ्याचा असला तरी त्यांना तेवढाच आनंद होतो.