व्यावसायिक स्वयंपाकघरात सुरक्षा फलक कसे लावावेत

स्टिकरचा तयार संच आणायचा आणि मोकळ्या दिसतील त्या भिंतींवर चिकटवून टाकायचा, ही सर्रास दिसणारी पद्धत. महिनाभरात ते स्टिकर भिंतीच्या रंगात मिसळून जातात आणि कोणाचेही तिकडे लक्ष जात नाही. फलकाचे काम असते ते चुकीच्या दिशेने निघालेला हात क्षणभर थांबवण्याचे. त्यामुळे फलक मोजके हवेत आणि निर्णय जिथे घेतला जातो नेमके तिथे हवेत.

१. आधी फेरी मारा, तीही घाईच्या वेळी

रिकाम्या स्वयंपाकघरात धोके कळत नाहीत. ऑर्डरी जोरात असताना कच्चा नकाशा हातात घेऊन माल उतरवण्याच्या दारापासून भांडी धुण्याच्या जागेपर्यंत चाला. गरम भांडे घेऊन माणूस कुठे वळतो, पाणी कुठे सांडते, दोन जण कुठे समोरासमोर येतात, ते नकाशावर टिपा.

मग प्रत्येक खुणेपाशी विचारा: हा धोका मुळातच काढून टाकता येईल का? गळका नळ दुरुस्त होतो, स्लायसरला (काप करणाऱ्या यंत्राला) गार्ड बसतो, घसरड्या फरशीवर खडबडीत फरशी घालता येते. दुरुस्ती टाळून तिथे ‘सावधान’ लिहिणे हा निष्काळजीपणाच आहे. एवढे करूनही जे उरते, त्यालाच फलक लावा.

२. रंग आणि आकार बदलू नका

आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकातली चिन्हे वापरा. लाल वर्तुळ व तिरकी रेघ म्हणजे मनाई. निळे वर्तुळ म्हणजे हे केलेच पाहिजे. पिवळा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, हिरवा चौकोन बाहेर पडण्याचा मार्ग व प्रथमोपचार दाखवतो, तर लाल चौकोन आग विझवण्याची साधने. सजावटीला शोभावे म्हणून हीच चिन्हे करड्या किंवा सोनेरी रंगात छापून घेतली, तर दुरून ओळखू येण्याचा गुणच जातो. चित्राखाली चार-पाच शब्द पुरेत, आणि ते कर्मचाऱ्यांना वाचता येणाऱ्या भाषेत हवेत.

३. माप अंतरावरून ठरवा

फलक जास्तीत जास्त किती अंतरावरून ओळखू यायला हवा, ते मीटरमध्ये मोजा. त्या अंकाचा वर्ग करून २००० ने भागा. येईल ते फलकाचे किमान क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. ५ मीटरसाठी ०.०१२५ चौरस मीटर येते. म्हणजे चौरस फलकाची बाजू सुमारे ११.२ सेंटीमीटर, वर्तुळाचा व्यास १२.६ आणि त्रिकोणाची बाजू १७. अंतर दुप्पट झाले की ही मापेही दुप्पट होतात. वाफ किंवा धूर साचणाऱ्या जागी एक माप मोठेच घ्या.

४. जागा नेमकी निवडा

फ्रायरपासून सुरुवात करा. पेटलेल्या तेलावर पाणी ओतले की ते तेलाखाली जाते, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि आकारमान सुमारे १७०० पट वाढून जळते तेल चहूकडे उडते. ‘पाण्याने विझवू नका’ हा फलक सहसा फ्रायरच्या मागे लावलेला असतो. पण घाबरलेला माणूस धावतो नळाकडे! म्हणून तोच फलक जवळच्या नळापाशीही लावा.

वेट केमिकल अग्निशामक (तेलाची आग विझवणारा) आणि फायर ब्लँकेट (आग झाकून विझवायची चादर) फ्रायरच्या वर टांगू नका, ज्वाळांवरून हात नेऊन ती काढावी लागतील. ती बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवा आणि त्यांचा लाल फलक इतका उंच लावा, की पुढे ट्रॉली उभी राहिली तरी दिसेल. गॅसच्या मुख्य व्हॉल्व्हवर नाव आणि बंद करण्याची दिशा दाखवणारा बाण, दोन्ही हवे.

स्लायसर आणि मिक्सर साफ करताना इजा होण्याचा धोका असतो. ‘आधी प्लग काढा’ हा निळा फलक प्लगशेजारी आणि यंत्रावर, दोन्हीकडे लावा. फक्त हात धुण्यासाठी असलेल्या सिंकवर तसे स्पष्ट लिहा, नाहीतर तिथे भाज्या धुतल्या जातात. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ती मनाई त्यांच्या कपाटाच्या दारावर लावा आणि दोन्हींची कपाटे वेगळी ठेवा.

वॉक-इन फ्रीझरमध्ये (माणूस आत जाऊ शकेल अशा शीतखोलीत) दाराच्या आतल्या बाजूला, दार आतून उघडायचा दांडा कसा फिरवायचा ते दाखवणारा फलक हवाच. अंधारात चमकणारा फलक आधी प्रकाश मिळाल्याशिवाय चमकत नाही. आतला दिवा सतत बंद राहत असेल, तर तिथे स्वतःचा दिवा असलेला फलक बसवा.

बाहेर पडण्याचा फलक दाराच्या फळीवर लावू नका, दार उघडले की तो नाहीसा होतो. चौकटीच्या वर लावा. इतर फलक साधारण दीड मीटर उंचीवर, डोळ्यांच्या रेषेत असू द्या.

५. बसवताना

चिकट स्टिकर तेलकट भिंतीवर टिकत नाही. भिंत डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या क्लीनरने) धुवा, पूर्ण वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चिकटवा. शेगडी-फ्रायरजवळ अॅल्युमिनियमचा फलक घ्या आणि स्क्रूने बसवा. भोकांच्या कडा सीलंटने बंद करा, तिथे घाण व किडे साचतात. अन्न तयार करण्याच्या ओट्यावर टाचण्या आणि सुटत आलेला टेप कदापि नको.

६. लावल्यानंतर

नव्या माणसाला प्रत्येक फलकासमोर उभे करून ‘इथे काय करायचे?’ असे विचारा. उत्तर चुकले तर फलक किंवा जागा बदला. ‘ओली फरशी’ची पाटी पुसायला लागण्याआधी, येण्याच्या प्रत्येक बाजूला ठेवा आणि फरशी वाळताच उचला. दिवसभर तिथेच उभी राहिली, तर खरोखर ओल असतानाही लोक बिनधास्त चालत जातात. आठवड्याला एकदा फलक पुसा, आणि रंग उडालेला किंवा झाकला गेलेला फलक त्याच दिवशी बदला.

बाहेर जाऊन केटरिंग करत असाल, तर वेगळी पेटी तयार ठेवा: घडीच्या पाट्या, केबल टाय, गॅस सिलिंडर, जनरेटर आणि गरम पृष्ठभाग यांचे फलक, अग्निशामकाची खूण. गाडीतून सामान उतरवताना पहिली ही पेटी उघडा, कारण शेगड्या पेटल्यावर पाट्या लावायला कोणालाही सवड मिळत नाही.