अंगठा दिला की पावती घ्या

रेशनच्या दुकानात भांडणं होतात ती दोन-तीन किलोवरून, आणि त्यातली निम्मी तरी आपल्याला किती मिळायचंय हेच माहीत नसल्यामुळं होतात. मी हे काट्याच्या आतल्या बाजूनं बघते. आमच्या गावचं रास्त भाव दुकान आम्ही बाया चालवतो. परवाना बचत गटाच्या नावावर आहे आणि तोलायला बहुतेक मीच असते. गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळीच्या आगंमागं निम्मं गाव कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातं, त्यामुळं आमच्याकडच्या अडचणी शहरातल्यासारख्या नसतात. शेजारच्या गावात दुकान सोसायटीकडं आहे, पलीकडच्या गावात एका माणसाकडं. दुकान कुणाचंही असो, घेणाऱ्यानं काय बघायचं ते सारखंच.

आधी कार्ड उघडा

पिवळ्या कार्डावर अंत्योदयचा शिक्का असेल तर कार्डामागं ३५ किलो धान्य, मग घरात दोन माणसं असोत की आठ. पिवळं कार्ड आहे पण अंत्योदय नाही, किंवा केशरी कार्डावर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे, तर माणशी ५ किलो. त्यात गहू किती आणि तांदूळ किती हे दर महिन्याला वरून ठरून येतं, कधी ज्वारीही येते. एकूण वजन मात्र तेच राहायला पाहिजे. "मागल्या महिन्यात गहू जास्ती होता, आता का कमी?" असं विचारण्याआधी दोन्हींची बेरीज करून बघा.

सगळ्यात जास्त घोळ केशरी कार्डाचा. आपल्या मराठवाड्यातले आठही जिल्हे आणि विदर्भातले सहा, अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ मिळत होता. २०२३ पासून त्यांचं धान्य बंद झालं आणि माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर देणं सुरू झालं. पुढं त्याचे १७० झाले. हे अजून कित्येकांना माहीत नाही. एक काका दर महिन्याला पिशवी घेऊन येतात आणि "माझा गहू तुम्ही खाल्ला" म्हणून आमच्या नावानं बोटं मोडून जातात. काका, तुमचा गहू दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनमध्ये दिसतच नाही, तर मी देऊ कुठून? तुमच्या कार्डावर शेतकरी म्हणून शिक्का असेल तर दुकानात येऊ नका, बँकेत जा. पैसे घरातल्या कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर येतात, तेव्हा पासबुक तिचं भरून घ्या आणि खात्याला आधार जोडलंय का ते बघा. तिथं काही नसेल तर तहसीलच्या पुरवठा विभागात अर्ज.

नावांचंही बघून घ्या. सून घरात आली, तर आधी माहेरच्या कार्डातून तिचं नाव कमी केल्याचा दाखला लागतो. तो आणल्याशिवाय इकडं नाव चढत नाही. लेकराचं आधार काढलं की लगेच नाव वाढवायला द्या. वारलेल्या माणसाचं नाव तसंच ठेवून धान्य उचलणं आता जमत नाही, ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून ओळख पटवतात त्यात, ते उघडं पडतंच. ई-केवायसी कार्डावरच्या प्रत्येकाची करायची असते, नुसती कारभाऱ्याची नाही. दुकानातल्या मशीनवर होते, नाहीतर 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या.

पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

गहू-तांदूळ १ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. केंद्रानं १ जानेवारी २०२४ पासून ते आणखी पाच वर्षांसाठी वाढवलं. अंत्योदय कार्डाला महिन्याला एक किलो साखर मिळते, तिचे वीस रुपये द्यायचे. बाकी हमाली, गाडीभाडं, मशीनच्या कागदाचे पैसे, असलं काही कुणी मागितलं तर देऊ नका. धान्य सरकारी गोदामातून दुकानापर्यंत द्वारपोच येतं, गाडीभाडं शासन भरतं.

दुकानदाराला काय मिळतं तेही सांगते, म्हणजे हिशोब कळेल. वाटलेल्या धान्यावर क्विंटलमागं १५० रुपये कमिशन होतं, २०२५ मध्ये त्यात २० वाढवायचं शासनानं ठरवलं. महिन्याला शंभर क्विंटल वाटलं तर सतरा हजार. त्यातून खोलीचं भाडं, लाइटबिल, कट्टे उतरवायला माणूस, आणि उंदरांनी खाल्लेलं ते वेगळं. शिवाय कमिशन महिनोन्महिने लटकतं. दुकान परवडत नाही असं कुणी म्हणालं तर ते खोटं नाही. पण ते भांडण शासनाशी करायचं असतं, म्हातारीच्या पिशवीतून वसूल करायचं नसतं.

साबण, चहापत्ती, शाम्पू अशा वस्तू खुल्या भावानं ठेवायला रेशन दुकानांना परवानगी आहे. आम्हीही ठेवतो, चार पैसे सुटतात. पण "साबण घेतला तरच तांदूळ" असं कुणालाच करता येत नाही. आणि अंत्योदयवाल्या बायांनो, वर्षाला एक साडी तुमच्या कार्डावर फुकट असते. रंग आवडो न आवडो, आपली आहे ती न्या.

अंगठा

मशीनवर अंगठा लागला म्हणजे तुम्ही माल उचलला, अशी नोंद झाली. त्यानंतर तुम्ही कितीही सांगा की धान्य मिळालंच नाही, कागदावर मिळालेलं असतं. म्हणून "आज अंगठा देऊन जा, माल दोन दिवसांनी न्या" याला कधी हो म्हणू नका. माल समोर असेल तरच बोट मशीनवर. गाडी आली नसेल तर घरी जा, परत या. चकरेचा कंटाळा येतो हे कबूल, पण महिन्याचं धान्य जाण्यापेक्षा चक्कर बरी.

कापूस वेचून, ऊस तोडून बायांच्या बोटांच्या रेषाच जातात. मशीन दहा वेळा नाही म्हणतं, मागं रांग ओरडते आणि म्हातारी घाबरून आणखीनच जोरात दाबते. जोरात दाबल्यानं काही होत नाही. हात साबणानं धुऊन, पुसून कोरडे करून या. थंडीत बोटं एकमेकांवर चोळून जरा गरम करा. अंगठाच पाहिजे असं नाही, दहातलं कुठलंही बोट चालतं, आणि अनामिका पुष्कळदा लागते कारण तिची झीज कमी झालेली असते. मशीनची काच मी पदरानं पुसून घेते, तुमच्या दुकानात पुसत नसतील तर पुसायला सांगा. नव्या फोर-जी मशीनला डोळ्याचा स्कॅनर आहे, त्यावर करा म्हणा. कार्डावरचं कुणीही माणूस येऊन बोट देऊ शकतं, कारभारीच यायला पाहिजे असं नाही. अंथरुणाला खिळलेलं किंवा एकटं म्हातारं माणूस असेल तर त्याच्या वतीनं नॉमिनी लावता येतो, त्यासाठी दुकानदाराकडं नाहीतर पुरवठा विभागात विचारा.

काटा

काट्यावर काही ठेवायच्या आधी शून्य दिसलं पाहिजे. रिकामं घमेलं ठेवून पुन्हा शून्य केलं पाहिजे, नाहीतर घमेल्याचं वजन तुमच्या माथी. उभं राहायचं ते आकडे दिसतील अशा जागी. मी तोलताना आकडा मोठ्यानं म्हणते, कारण पुष्कळ जणींना तो वाचता येत नाही. २५ किलो असेल तर दोन-तीन खेपांत तोललं जातं. मधल्या बेरजेत चूक होते, कधी मुद्दाम, कधी खरोखर. बोटावर मोजत राहा.

कट्टा न तोलता घेऊ नका, तो पन्नासचाच असतो हे गृहीत धरू नका. रिकामी तागाची गोणीच अर्ध्या किलोच्या वर भरते, त्यामुळं कट्टा काट्यावर पन्नास दाखवत असेल तर आतलं धान्य पन्नास नाही.

हे दुकान चालवणाऱ्या बायांनाही सांगायचंय. तूट सुरू होते ती गाडीपासून. आमच्याकडं सुरुवातीला ड्रायव्हर म्हणायचा, "ताई, सही करा पटकन, पुढं अजून चार गावं आहेत." आम्ही एकदा काटा वट्यावरच आणून ठेवला. एकेक कट्टा तोलला, कमी भरलेल्यांची नोंद गाडीच्या चलनावर केली आणि मगच सही केली. तो चिडला, मालकाला फोन लावतो म्हणाला. आम्ही म्हणलं, लाव. तेव्हापासून गाडी आमच्या गावी आली की काटा लागणार हे त्याला माहीत झालंय. न तोलता सही केली की तूट आपली, आणि मग ती भरून काढायला लोकांच्या पिशवीकडंच नजर जाते.

पावती मशीनमधून निघते. तिच्यावर बारा अंकी कार्ड नंबर, गहू किती, तांदूळ किती, पैसे किती हे छापलेलं असतं. तिथंच उभं राहून वाचा, वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या, आणि पिशवीशी जुळवा. कागद उन्हात पांढरा पडतो, म्हणून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. "कागद संपलाय" हे कारण एखाद वेळेस खरं असतं, दर महिन्याला नसतं.

तांदळातले ते वेगळे दाणे

दर चार दिवसांनी कुणीतरी मुठीत दाणे घेऊन येतं: "मावशी, प्लास्टिकचा तांदूळ दिला तुम्ही." मोबाइलवर व्हिडिओ बघितलेला असतो. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकाराचे करतात आणि साधारण शंभर दाण्यांत एक या हिशोबानं मिसळतात. रंगानं जरा वेगळे दिसतात, धुताना काही वर तरंगतात. दाताखाली धरून बघा, पीठ होतं. निवडून फेकू नका, तांदूळ चोळून चोळून धुऊ नका, आणि शिजताना वरचं पाणी ओतून देऊ नका. माझ्या सासूबाईंनी बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्लेली आहे. त्या या दाण्यांकडं बघून नुसत्या हसतात.

कोयत्यावर जाताना

सांगली, कोल्हापूर, सोलापूर की कर्नाटकात बेळगावकडं, जिथं टोळी जाईल तिथल्या रेशन दुकानात तुमचं धान्य मिळतं. त्याला पोर्टेबिलिटी म्हणतात, आणि त्यासाठी कुठं अर्ज करायचा नसतो. जायच्या आधी एवढं करा: कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी झालीय का हे दुकानात बघून घ्या, आणि बारा अंकी नंबर डायरीत लिहून घ्या. मूळ कार्ड घरीच राहू द्या, पालात भिजतं.

घरी म्हातारा-म्हातारी आणि शाळेची लेकरं राहतात, तिकडं नवराबायको. अशा वेळी धान्य वाटून उचलता येतं. समजा प्राधान्य कार्डावर सहा माणसं आहेत, तर ३० किलो. त्यातलं २० घरच्यांनी इथं उचलायचं, १० तुम्ही तिकडं. पण आधी येईल त्यानं सगळंच मागितलं तर मशीन देऊन टाकतं. तेव्हा कुणी किती घ्यायचं हे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतानाच घरात ठरवा. नाहीतर फडातून फोनवर भांडणं होतात, ती मी दुकानात बसून ऐकते.

तिकडचा दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणेल. त्याला नाही म्हणता येत नाही. मात्र त्याचा साठा संपत आला की तो आपल्या गावकऱ्यांना आधी देतो, म्हणून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

आणि एक नवीन झालंय ते नीट ऐका. सलग सहा महिने धान्य उचललं नाही तर कार्ड थांबवायचं, असा नियम २०२५ मध्ये केंद्रानं आणला. आपला हंगाम पाच-सहा महिन्यांचाच असतो. इथं घराला कुलूप आणि तिकडं "कशाला दुकान हुडकत बसायचं" असं केलं तर पाडव्याला परत येईपर्यंत कार्ड थंड पडलेलं असेल.

दुकान गटाला पाहिजे असेल तर

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिलंय की दुकान देताना पंचायत, बचत गट, सहकारी संस्था यांना आधी विचारा आणि चालवायला बायांना पुढं करा. दुकान रिकामं झालं की जिल्हा पुरवठा कार्यालय जाहीरनामा काढतं. गटाची नोंदणी, बँकेचं पासबुक, हिशोबाची वही आणि जागा, एवढं तयार नसेल तर मुदत कधी निघून जाते कळत नाही. वही मात्र खरी पाहिजे. एका रात्रीत एकाच पेनानं लिहिलेल्या वह्या साहेब लोक बरोबर ओळखतात.

तक्रार

दुकानाच्या फळ्यावर साठा, भाव आणि तक्रारीचा नंबर लिहिलेला असायला पाहिजे. गावात दक्षता समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष. आधी तिथं सांगा, कारण सोसायटी किंवा गटाचं दुकान असेल तर चारचौघांत झालेलं बोलणं आम्हाला चांगलंच लागतं. तिथं भागलं नाही तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर फोन करा, दोन्ही फुकट आहेत. अर्ज द्यायचा तर तहसीलच्या पुरवठा विभागात. "दुकानदार चोर आहे" असं लिहू नका, त्यावर कुणी काही करत नाही. असं लिहा: कार्ड नंबर अमुक, माणसं पाच, मिळायचं २५ किलो, तारीख अमुक, पावतीवर २५, प्रत्यक्षात २२, पावतीची झेरॉक्स जोडली आहे. दोन प्रती करा, एक त्यांना द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज पोस्टातून रजिस्टरनं पाठवा आणि पोस्टाची पावती कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवा.