नडगी ठणकतेय? चहाचा कागदी कप फ्रीजरमध्ये ठेवा

मॅरेथॉनच्या तयारीत रविवारी बेळगावजवळच्या राजहंसगडाचा उतार जोशात उतरलो आणि सोमवारी नडगीची आतली बाजू ठणकायला लागली. रुमालात बर्फ बांधून शेकावं तर पाणी गळून सतरंजी भिजते, हातही गारठतो. त्याऐवजी हे करा:

१. चहाचा कागदी कप पाण्यानं पाऊण भरून रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. प्लास्टिकचा नको, तो नीट फाटत नाही.

२. सकाळी वरची कड दोन बोटं फाडा. बर्फ बाहेर येतो आणि खालचा कप धरायला मूठ होते.

३. दुखऱ्या भागावर गोल गोल फिरवत राहा, ५ ते ७ मिनिटं. आधी गार लागेल, मग चुरचुरेल, मग बधिर होईल. बधिर झालं की लगेच थांबा. एकाच जागी टेकवून ठेवलात तर कातडी भाजल्यासारखी होते.

दुखणं थांबेपर्यंत पळणं बंद. दम टिकवायला सायकल मारा, पण सपाटीवर. परत सुरुवात करताना डांबरी रस्ता सोडा. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्यांना व्हॅक्सिन डेपोची मातीची वाट आहेच. ४२.१९५ किलोमीटर कुठं पळून जात नाहीत!

एक मात्र बघा. नडगीच्या हाडावरून बोट दाबत न्या. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुधा ताणाचं दुखणं. रुपयाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग कप बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा.