खोडायला गेलं की हिशेब उघडायचा

नोकरीच्या पहिल्याच वर्षी दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये एक किरकोळ वाटणारं काम माझ्याकडे आलं. भाषा सी शार्प, आणि खिडक्या-बटणं बनवायला विनफॉर्म्स. मालाचं नाव टाइप करताना कंट्रोल-एच दाबलं की बाजूच्या पॅनेलमध्ये गिऱ्हाइकाचा जुना हिशेब दिसायला हवा. एच हिशेबाचा, म्हणून.

टेक्स्टबॉक्सच्या, म्हणजे नाव टाइप करायच्या चौकटीच्या, कीप्रेस इव्हेंटमध्ये (अक्षर आलं की प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सूचनेत) काय येतंय ते मी छापून पाहिलं. कंट्रोल-एचला ८ आला. ८ आला की पॅनेल उघड, असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या बाईंचा फोन: “अहो, चुकलेलं खोडायला गेलं की हिशेब उघडतोय!”

८ बॅकस्पेसचाही होता. कंट्रोलबरोबर दाबलेलं इंग्रजी अक्षर आस्कीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात, इंग्रजी वर्णमालेतल्या त्याच्या क्रमांकाने येतं. एच आठवं. तसंच कंट्रोल-आय म्हणजे ९, टॅब; कंट्रोल-एम म्हणजे १३, एंटर. कीप्रेसला अक्षर कळतं, बटण कळत नाही.

म्हणून शॉर्टकट कीडाउनमध्येच, म्हणजे बटण खाली जाताच येणाऱ्या इव्हेंटमध्येच पकडा. तिथला कीकोड बटणाचा असतो. विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असला आणि त्या बटणाने ‘प’ उमटत असला, तरी कीकोड एचचाच येतो. तुलना मात्र कीडेटाशी करा; त्यात बटण आणि सोबत दाबलेले कंट्रोल, शिफ्ट असं सगळं एकत्र असतं. कंट्रोल दाबलंय आणि कीकोड एच आहे, एवढंच तपासलंत तर कंट्रोल-शिफ्ट-एचही आत घुसतं.

हे सगळं केलं, आणि बाईंचा पुन्हा फोन. हिशेब नीट उघडतो, पण ‘बासमती’चं ‘बासमत’ होतं! ‘हे बटण मी हाताळलं’ असं सांगणारं हँडल्ड मी कीडाउनमध्ये ट्रू केलं होतं, तरीही. त्याने फक्त कीडाउन थांबतो. त्याच्यामागून निघालेला तो ८ टेक्स्टबॉक्सपर्यंत पोचतोच, आणि टेक्स्टबॉक्स इमानदारीने एक अक्षर खोडतो. यावर उतारा सप्रेसकीप्रेस ट्रू करण्याचा, म्हणजे मागून येणारा कीप्रेसही दाबून टाकायचा. ही एक ओळ सापडायला माझी अख्खी दुपार गेली.

तिसरी तक्रार पॅनेलच्या उघडझापीची. बटण दाबून धरलं की कीडाउन पुन्हा पुन्हा येतो, आणि माझं पॅनेल त्याच शॉर्टकटने मिटतही होतं. आता पहिल्या कीडाउनला एक खूण ठेवतो, ती असेपर्यंत पुढचे कीडाउन सोडून देतो, आणि बटण सुटल्यावर येणाऱ्या कीअपला ती पुसतो. बाईंचं बोट जरा जड आहे, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.