कार्ट्रिज टाकू नका, आधी सुई बघा

रेकॉर्ड वाजताना 'स', 'श' फाटायला लागले की लोक थेट नवी महागडी कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेयरच्या हाताच्या टोकाला बसणारा, सुई धरणारा भाग) शोधायला लागतात. त्याआधी एवढं करा.

१. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात धूळ सुईच्या टोकाला घट्ट चिकटते. मऊ ब्रशने फक्त मागून पुढे झाडा. आडवं घासलं की सुईचं टोक धरणारी बारीक दांडी गेलीच. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

२. कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत आतलं चुंबक हलतं तो प्रकार) असेल तर नुसती सुई ओढून बदलता येते. ऑर्टोफॉन कंपनीच्या टू-एम रेड कार्ट्रिजच्या बॉडीत तिच्याच वरच्या मॉडेलची, टू-एम ब्लूची सुई बसते, म्हणजे कमी पैशात वरचा दर्जा. माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा खर्च.

३. मूव्हिंग कॉइल (चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं तो प्रकार) कार्ट्रिजची सुई निघत नाही. दोन्ही चॅनल नीट वाजत असतील तर रीटिपिंग करून घ्या, म्हणजे जुन्याच कार्ट्रिजवर नवं टोक.

४. सुई बदलल्यावर भार, म्हणजे सुई रेकॉर्डवर जितक्या वजनाने टेकते ते, पुन्हा लावा. टू-एम रेडला १.८ ग्रॅम. जळगावच्या सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा यासाठी उत्तम.

सांभाळा: काट्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजचं चुंबक त्याला ओढतं, वजन चुकीचं दिसतं आणि सुई आपटूही शकते.