बेंच ग्राइंडरला कोणता स्विच लावावा

ग्राइंडर चालू असताना लाइट गेली की साधा टॉगल स्विच ‘चालू’वरच राहतो. लाइट परत येते तेव्हा कुणी टूल रेस्ट (काम टेकवायची पट्टी) सरकवत असतं, कुणी नट सैल करत असतं, आणि मिनिटाला २८५० फेऱ्यांचं चाक अचानक फिरायला लागतं. यावर खात्रीचा उपाय एकच: नो-व्होल्ट स्विच. हिरवं बटण दाबलं की त्यातली कॉइल (वीज मिळाली की चुंबक होणारं तारेचं वेटोळं) संपर्क ओढून धरते. लाइट गेली की कॉइल सोडून देते, आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही.

६ इंची, अर्ध्या एचपीचा सिंगल फेज ग्राइंडर चालताना साधारण ३ अँपिअर घेतो. त्यामुळे घरातला ६ अँपिअरचा स्विच पुरेल असं वाटतं. पण सुरू होताना मोटर पाच ते सात पट करंट ओढते. दर वेळी ठिणगी पडून स्विचमधले पॉइंट (संपर्क) जळतात आणि एखाद्या दिवशी चिकटून बसतात. मग स्विच बंद केला तरी चाक फिरतच राहतं. म्हणून मोटरसाठी बनवलेला, १६ अँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा नो-व्होल्ट स्विच घ्या. पंख्याचा रेग्युलेटर अजिबात लावू नका, मोटर तापून जळते.

८ इंची, एक एचपीच्या ग्राइंडरला ओव्हरलोड रिलेवाला डीओएल स्टार्टर बरा: तशाच कॉइलचा, मोटर थेट लाइनवर सुरू करणारा स्विच. करंट जास्त वेळ वाढलेला राहिला की रिले मोटर बंद करते. घेताना कॉइलवरचा व्होल्टेज वाचा. थ्री फेजसाठीची कॉइल ४१५ व्होल्टची असते. २३० वर ती नुसती घुरघुरते, धरत नाही. सिंगल फेजवर जोडताना करंट रिलेच्या तिन्ही पोलमधून (वाटांमधून) जायला हवा: फेज पहिल्या पोलमधून, न्यूट्रल दुसऱ्यातून बाहेर काढून लूपने तिसऱ्यातून. एक पोल रिकामा राहिला तर फेज गेल्याचं समजून रिले उगाच ट्रिप होते. रिलेचा आकडा मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवा. ट्रिप होते म्हणून तो वाढवू नका, आधी चाक जास्त दाबलं जातंय का ते बघा.

जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. प्लग काढलेला, १.५ चौरस मिमीची तीन कोअर तांब्याची केबल, अर्थिंग थेट बॉडीला, मागे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). स्विचची डबी आयपी ५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा) किंवा वरची असावी आणि केबल खालून ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत न्यावी. घासल्यावर उडणारी लोखंडाची पूड वीज वाहून नेते. लाल बटण बाकाच्या पुढच्या कडेला हवं. ते दाबायला चाकावरून हात न्यावा लागत असेल तर जागा चुकली.

शेवटी चाचणी: ग्राइंडर चालू करा, बाजूला उभं राहून एमसीबी पाडा, चाक पूर्ण थांबल्यावर एमसीबी परत चढवा. आपोआप फिरला तर हिरवं बटण अडकलंय किंवा कॉइल बटण वगळून थेट फेजवर जोडली आहे. ते दुरुस्त होईपर्यंत प्लग काढून ठेवा.