बायपॉड मागवण्याआधी चादरीवर पालथे पडा

हॉलमधलं टीपॉय बाजूला सरकवा, फरशीवर सोलापुरी चादर दुहेरी करून अंथरा आणि तिच्यावर पालथे पडा. मोबाईल नंतर. बायपॉड म्हणजे रायफलचा पुढचा भाग टेकवायचा, पाय लांब-आखूड होणारा दोन पायांचा टेकू. बहुतेकांचं उलटं होतं. आधी फोटो बघायचे, उंच पायांचा बायपॉड भारदस्त दिसतो, ‘लांब असलेला बरा, कधीतरी लागेल’ म्हणत तोच मागवायचा. मीही हेच केलं. ९ ते १३ इंचांचा आला. त्यावर रायफल ठेवून आडवा झालो तर छाती जमिनीपासून सुटलेली, कोपरं टोकावर आणि मान कासवासारखी बाहेर. रेंजवरचे एक ज्येष्ठ शांतपणे म्हणाले, “मालक, नेम धरताय की भुजंगासन करताय?”

तर आधी माप. मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढून ठेवा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या पोकळीत) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. दाराला कडी लावा. आमच्या शेजारच्या काकू विरजण मागायला कधीही येतात आणि एकदा त्यांनी मला या अवस्थेत बघितलंय. आता शरीर रायफलच्या सरळ मागे घ्या, तिरकं नको. बट (रायफलचं मागचं टोक) खांद्यात, गाल दस्त्यावर, डोळे मिटून दोन श्वास सोडा. घरातल्या कुणाला तरी नळीखालच्या लाकडाखाली मुलांच्या वह्या एकेक करून सरकवायला सांगा. डोळे उघडल्यावर स्कोपमधलं (रायफलवरच्या दुर्बिणीतलं) वर्तुळ कडेला काळी सावली न येता पूर्ण दिसलं आणि मानेला ताण नसला की थांबा. जिथे बायपॉड बसणार तिथून फरशीपर्यंत टेप लावा. माझं माप सव्वासात इंच आलं. म्हणजे ६ ते ९ इंचांचा, तोही मधल्या खाचांवर. हॅरिस या बायपॉड बनवणाऱ्या कंपनीचे हे दोन्ही आकार मिळतात, ६ ते ९ आणि ९ ते १३, आणि सपाट जमिनीवर झोपून मारणाऱ्या बहुतेकांचं काम पहिल्यातच होतं. तुम्ही किती उंच यावर हे माप फारसं ठरत नाही. छातीची जाडी आणि मान किती मागे वळते यावर जास्त ठरतं. हुरडा पार्ट्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा मोजलं तरी चालेल.

मॅगझिन परत लावून (रिकामंच) त्याच्या तळाखाली दोन बोटं जातात का बघा. दहा गोळ्यांचं लांब मॅगझिन असेल तर पाय सगळ्यात आखूड केल्यावर ते जमिनीला टेकू शकतं, आणि टेकलं की रायफल बायपॉडवर राहतच नाही. बायपॉड फार बुटका घेण्यातला खरा धोका एवढाच.

आता जे कुणी सांगत नाही ते: पुढे जितकी उंची घ्याल तितकी मागेही भरावी लागते. मागे, बटाखाली, एक भरलेली पिशवी ठेवतात. निशाणा साधारण समोर, त्याच पातळीत असेल तर नळी आडवीच राहणार, म्हणजे बायपॉड दोन इंच वाढवला की बटाखालची पिशवीही तितकीच जाड हवी. मागची पिशवी मुठीत दाबून आपण बारीक उंची साधतो, आणि तिथला हिशेब निष्ठुर आहे. बायपॉड आणि पिशवीत ७५ सेंटिमीटर अंतर धरा. बट १ मिलिमीटर उचललं गेलं तर ५० मीटरवर गोळी साधारण पावणेसात सेंटिमीटर खाली जाते. पिशवी उंच आणि डगमगती असेल तर तुमचा श्वाससुद्धा कागदावर उमटतो. म्हणून पिशवी घरीच शिवा. जुन्या जीन्सचा पाय कापा, मालदांडी ज्वारी तीन-चतुर्थांश भरा, तोंड दुहेरी शिवा. ठासून भरली तर दबत नाही, ढिली भरली तर बसते. ज्वारी उत्तम, फक्त पावसाळ्यात सोंडे होतात आणि उंदरांना पत्ता लागतो. वाळू भरू नका, ती दगड होते.

जमीन कोणती, हेही आत्ताच ठरवा. सिमेंटच्या ओट्यावर रबरी पाय चालतात, पण त्यावर नुसती चादर टाकली की पाय घसरतात. मागून खांद्याने थोडा रेटा द्यायचा असतो, तो देताच येत नाही. पायांखाली रबराच्या पाठीचं पायपुसणं टाका. मित्राच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा असतात, एक पाय त्यात जातो आणि रायफल एका कुशीवर कलंडते. तेव्हा डावी-उजवीकडे झुकणारा बायपॉड लागतो. हॅरिसच्या मॉडेलच्या नावात ‘एस’ असेल तर तो झुकतो, नसेल तर नाही. दोनेकशे रुपये वाचवायला ‘एस’ सोडू नका असं म्हणणार होतो, पण फरक दोनशेपेक्षा बराच जास्त असतो. तरी सोडू नका.

बसवण्याची जागा तपासा: पट्ट्याचा स्टड (रायफलचा पट्टा अडकवायची खुंटी) आहे, पिकाटिनी रेल (जोडणीसाठी खाचा असलेली पट्टी) आहे की काहीच नाही. मध्ये अडॅप्टर आला तर त्याची जाडी मघाच्या मापातून वजा करा. लाकडात नुसता स्क्रू पिळून बसवलेला स्टड रेट्याने उपटून येतो, आतून नट असलेला हवा. आणि नळीला चिमटा लावणारे स्वस्त बायपॉड घेऊच नका, नळीवर दाब आला की नेम सरकतो.

मुलगा किंवा मुलगी स्पर्धेची तयारी करत असेल तर हा खर्च थांबवा. ऑलिंपिकच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायची स्पर्धा) बायपॉड चालतच नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते पट्टा आणि हाडांच्या आधारावर. बायपॉडची स्पर्धा म्हणजे एफ-टीआर: .२२३ किंवा .३०८ची रायफल, आणि स्कोप-बायपॉडसकट वजन ८.२५ किलोच्या आत. तिकडे जायचं असेल तर सगळं जोडून काट्यावर ठेवा.

रेंजला निघताना लायसन्स, टेप, ॲलन की आणि पिशवी घ्या. वीस गोळ्या झाल्या की बायपॉडचा स्क्रू हाताने चाचपा, पहिल्या दिवशी तो ढिला होतोच. मग पाय ज्या खाचेवर जमले त्या खाचेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. आमच्याकडची बाटली मी न विचारता नेली होती. ती अजून रायफलच्या पेटीत आहे, आणि घरात तिचा शोध चालू आहे.